वैनगंगेकाठचा पडाव

काही वर्षांपूर्वी ऑनसाईट म्हणून मेलबर्नला होतो. एका लाँग वीकेंडला टीममधल्या एकाने आग्रह केला म्हणून त्याच्या कुटुंबाबरोबर कॅरॅव्हान घेऊन मरे नदीच्या काठी गेलो. एचूका नावाचं गाव आहे, तिथून पुढे. गाडीच्या मागे जोडलेलं पांढरं चाकांवरचं घर, त्यात गॅस, फ्रीज, पलंग सगळं. नदीकाठी रेड गमची आडदांड झाडं. (त्यांच्या थेट खाली तंबू ठोकायचा नाही, वारा नसतानासुद्धा फांदी कोसळते, ही पहिली शिकवण.) संध्याकाळी कांगारू चरायला आले, रात्री एका पॉसमने आमचा ब्रेड पळवला आणि पहाटे कुकाबुरा नावाचा पक्षी कोणीतरी फालतू विनोद केल्यासारखा खदाखदा हसायला लागला. मजा आली, खोटं कशाला बोलू?

शेकोटीजवळ बसलेले असताना माझ्या सहकार्‍याच्या बायकोने सहज विचारलं, "तुमच्याकडे करतात का असं काही? नदीकाठी, जंगलात, मुक्काम वगैरे?" मी ताबडतोब म्हणालो, "छे! आमच्याकडे हे नाही. आम्ही नातेवाइकांकडे उतरतो." सगळे हसले, विषय संपला.

पण ते उत्तर चुकीचं होतं. म्हणजे अगदी साफ चुकीचं. आणि चुकीचं उत्तर देऊन कॉल क्लोज केला की ते जसं डोक्यात किडा होऊन वळवळत राहतं, तसं हे राहिलं. त्यात मी मूळचा भंडार्‍याचा. ज्या नदीच्या काठच्या मुक्कामांनी इंग्रजी साहित्याला एक जगप्रसिद्ध पोरगा दिला, त्या नदीच्या काठचा! तेव्हा आजचा हा शनिवारचा लेख म्हणजे त्या जुन्या तिकिटाची दुरुस्ती समजा.

आधी त्या पोराबद्दल. मोगली. किपलिंगचं 'जंगल बुक' १८९४ चं. त्यातली टेकड्यांची भूमी म्हणजे सिवनी आणि नदी म्हणजे वैनगंगा. ही वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून खाली येते आणि मग आमच्या भंडारा जिल्ह्यात शिरते. आम्ही लहानपणी जिच्यात डुंबलो ती मोगलीचीच नदी, फक्त थोडी खालच्या अंगाची. गंमत अशी की किपलिंग सिवनीला कधी गेला नव्हता असंच जाणकार मानतात. मग त्याला एवढा तपशील कुठून मिळाला? तर त्याचा एक मुख्य आधार म्हणजे रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल नावाच्या अधिकार्‍याचं १८७७ सालचं पुस्तक. त्याच्या नावाचा सरळ मराठी अर्थ 'सिवनी, अर्थात सातपुड्यातील छावणीचं जीवन'. म्हणजे छावणी, कँप! हा स्टर्नडेल पुढे हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवर एक जाडजूड पुस्तक लिहिता झाला (१८८४) आणि शेवटी कुठे गेला, तर सेंट हेलेना बेटाचा गव्हर्नर म्हणून. नेपोलियनच्या त्या बेटावर बसून त्याला वैनगंगेकाठच्या आमराया आठवत असतील का, देव जाणे.

स्टर्नडेल एकटा नव्हता. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा नवा सुभा झाला आणि या सगळ्या मुलखाची मोजदाद करायला गोरे अधिकारी जंगलोजंगल फिरू लागले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. त्याचं 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे १८७१ चं पुस्तक आजही आवडीनं वाचलं जातं. त्याच वर्षी तो वारला, वय अवघं तेहेतिशीच्या आसपास. ही सगळी पुस्तकं लिहिली गेली ती मुक्कामाच्या जोरावर. आज इथे, उद्या पाच कोसांवर. कामही व्हायचं, शिकारही व्हायची, आणि टिपणंही.

आता हा 'दौरा' म्हणजे काय भानगड होती ते जरा इंजिनियरच्या नजरेने बघू, कारण व्यवस्था म्हणून ती फार झकास होती.

दौरा हिवाळ्यात. भंडारा हा भाताचा जिल्हा. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे सगळीकडे बांध्यांत पाणी, चिखल. बैलगाडी जाणार कुठून? धान कापलं, बांध्या सुकल्या की वाट मोकळी. म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात निघायचं आणि मार्चमध्ये ऊन चढायच्या आत परत. मुक्कामाची जागा आमराई. का? तर हिवाळ्यात इतर झाडं पानं गाळायला लागली तरी आंब्याची सावली दाट राहते, जमीन उंचवट्याची आणि कोरडी असते, आणि आमराई जिथे तिथे जवळपास विहीर, तळं नाहीतर नदी असतेच. भंडारा जिल्ह्यात तर तळ्यांची कमी नाही. कोहळी लोकांनी आणि मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव, त्यांनाच आपण आता 'मामा तलाव' म्हणतो (मामा म्हणजे 'माजी मालगुजारी', नाहीतर बाहेरचे लोक विचारतात कोणाचे मामा?).

तंबूंचे दोन संच असायचे. साहेब एका तंबूत रात्रीचं जेवून झोपला की दुसरा संच बैलगाड्यांवर लादून रात्रीच पुढे निघायचा. त्याला 'पेशखेमा' म्हणायचे. सकाळी साहेब घोड्यावर बसून वाटेतली दोन-चार गावं तपासत दहा-बारा मैलांवर पोचेपर्यंत तिथे तंबू उभा, आंघोळीचं पाणी गरम, टेबलावर न्याहारी. सर्व्हरच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण रिडंडन्सी, शून्य डाऊनटाइम! या सरंजामाने आपल्या भाषेत शब्दही किती ठेवले बघा. तंबू, कनात, राहुटी, डेरा, पडाव, मुक्काम. 'खलाशी' म्हटलं की आपल्याला जहाज आठवतं, पण तंबू ठोकणार्‍यालाही खलाशीच म्हणत. सतरंज्या अंथरणारा फर्राश. आणि 'तळ ठोकणे' तर आपण बिनतंबूचेही ठोकतो.

आता 'कॅरॅव्हान' या शब्दाकडे. हा मूळ फारसी 'कारवान'. तो युरोपात गेला, त्याचा इंग्रजांनी कॅरॅव्हान केला, मग शेपूट तेवढी ठेवून 'व्हॅन' केला, आणि आता आपण तो 'ओम्नी व्हॅन' म्हणून परत घेतला. चाकांवरचं घर केवळ हौसेसाठी बांधून फिरायला निघालेला पहिला माणूस म्हणून डॉ. गॉर्डन स्टेबल्सचं नाव घेतात. हा आरमारातला निवृत्त डॉक्टर. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टलला दोन घोड्यांची गाडी बांधून घेतली, 'वाँडरर' नावाची, आणि इंग्लंडमधून थेट स्कॉटलंड गाठलं. बरोबर एक भला मोठा कुत्रा, एक काकाकुवा, एक गाडीवान आणि एक नोकर. नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन वाट मोकळी आहे का बघायचा. म्हणजे स्टर्नडेलचं पुस्तक आधीचं, ही गाडी नंतरची. पण नोकर दोघांच्याही पुढे धावतोय, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आणि खरं तर या दोघांच्याही कितीतरी आधी आपल्याकडे अस्सल कारवान होताच. बंजार्‍यांचा तांडा! लमाण हा शब्दच लवण म्हणजे मिठावरून आला असं सांगतात. किनार्‍याचं मीठ आत न्यायचं, आतलं धान्य बाहेर आणायचं, आणि वाहन म्हणजे बैल. गाडीला जुंपलेला नाही, पाठीवर गोणी लादलेला. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तरेत एक तांडा भेटला, त्यात १४ हजार बैल होते असं त्याने लिहून ठेवलंय. चौदा हजार! बायका, पोरं, कुत्री, सगळं घर बरोबर. रात्री गोण्या रचून कोट करायचा आणि आत झोपायचं, म्हणजे वाघाची भीती नाही आणि चोराचीही नाही. मोगल असोत, मराठे असोत की इंग्रज, सैन्याला दाणागोटा यांनीच पुरवला. १८०३ च्या लढायांत वेलस्लीचं सैन्य वर्‍हाडापर्यंत आलं ते बंजार्‍यांच्या बैलांच्या भरवशावर.

मग रेल्वे आली. १८६७ ला नागपूर, आणि १८८० च्या दशकात भंडार्‍याच्या मुलखातून पुढे छत्तीसगडाकडे. बैलाच्या पाठीवरच्या गोणीला मालगाडीशी टक्कर देता येणार नव्हती. धंदा बसला. पण फिरणारी माणसं एका रात्रीत थोडीच स्थिरावतात? इथे इतिहासाने एक फार वाईट विनोद केला आहे. १८७१ मध्ये, म्हणजे फोर्सिथचं ते सुंदर पुस्तक निघालं त्याच वर्षी, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. देशभरातल्या कित्येक भटक्या जमातींवर पुढे 'जन्मजात गुन्हेगार' असा शिक्का बसला. हजेरी, परवाना, पोलीस पाटलाला सांगितल्याशिवाय गाव सोडायचं नाही. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आजही 'विमुक्त जाती'त मोडतो. विमुक्त म्हणजे काय, तर ज्यांना त्या शिक्क्यातून सोडवलं ते.

जरा विचार करा. नदी तीच, आमराई तीच, पालही साधारण तसंच. साहेबाने ठोकलं की तो दौरा. भटक्याने ठोकलं की पोलिसांत वर्दी.

इथवर सगळं पुस्तकातलं झालं. आता घरातलं सांगतो.

माझ्या मामाचं गाव मोहाडी तालुक्यात, वैनगंगेपासून हाकेच्या अंतरावर. आजी, म्हणजे आईची आई, लहानपणी आम्हाला गोष्टी सांगायची त्यात एक गोष्ट 'साहेबाच्या पडावा'ची असायची. आम्हाला त्यातला हत्तीएवढा तंबू आणि चिनीमातीचं भांडं आवडायचं. आजी मात्र सुरुवात नेहमी एकाच वाक्याने करायची, "पडाव आला का माह्या बाबाच्या पोटात गोळा उठे." पोटात गोळा का उठायचा हे आम्ही कधी विचारलं नाही. पोरांना तंबूत रस!

ते कळलं खूप उशिरा, वाचायला लागल्यावर. साहेबाचा पडाव गावाबाहेर पडला की त्याला लागायचं सरपण, गवत, दूध, अंडी, कोंबड्या, मडकी. याला 'रसद' म्हणायचे. तंबू वाहायला गाड्या आणि बैल लागायचे, ते ऐन मळणीच्या दिवसांत धरून न्यायचे. रात्री पहारा, दिवसा पाणी. ही वेठ. साहेब बहुधा पैसे देत असे, निदान हिशेबात तरी लिहीत असे. पण ते साहेबाकडून खानसाम्याकडे, खानसाम्याकडून चपराशाकडे, आणि चपराशाकडून मालगुजाराच्या माणसाकडे येईस्तोवर कोंबडीवाल्याच्या हातात काय पडायचं? ही तक्रार त्या काळात देशभर होती. आजीचा बाप कोणी मोठा शेतकरी नव्हता. डोक्यावर सरपणाची मोळी आणि काखेत कोंबडी घेऊन जाणार्‍या रांगेतला एक माणूस. आजी सांगायची, कोंबडी गेल्याचं दुःख नव्हतं, "पर नाही मनाची सोय नोती." नाही म्हणायची सोय नव्हती.

आपण 'वेठीस धरणे' हा वाक्प्रचार किती सहज वापरतो! मॅनेजरने शनिवारी ऑफिसला बोलावलं की लगेच "वेठीला धरलंय". मीही म्हटलंय. या गोष्टीनंतर जरा जपून म्हणतो.

या वेठीला लोकांनी कुठेतरी खणखणीत 'नाही' म्हटलंच नाही असं नाही. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाही म्हणणं कुमाऊंचं. तिथेही साहेबांचे, शिकार्‍यांचे तंबू असेच माणसांच्या डोक्यावरून डोंगर चढायचे, आणि कोणाची पाळी कधी हे लिहिलेल्या वह्या गावच्या प्रधानाकडे असायच्या. १४ जानेवारी १९२१ ला बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे यांच्या पुढारीपणाखाली लोकांनी त्या वह्या आणल्या आणि शरयू नदीत बुडवल्या. डेटाबेसच नदीत! आणि हे तिथेच थांबलं नाही. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमात माणसांच्या व्यापाराबरोबर वेठबिगारीला बंदी आहे. मूळ इंग्रजी मसुद्यात तिथे 'बेगार' हा आपला शब्द जसाच्या तसा आहे. इंग्रजीत त्याला पर्याय शब्द नव्हता असं नाही, पण ज्याने त्याने ते ओझं वाहिलं होतं त्याला कळेल असा शब्द हाच होता, असं आपलं मला वाटतं. आमच्या भागातली मालगुजारीही १९५१ मध्ये गेली. तोवर आजी तिशीच्या जवळ आली होती.

आता याच नदीकाठचा दुसरा मुक्काम, जो मला मनापासून आवडतो. वैनगंगेच्या पूर्वेला नागझिर्‍याचं जंगल आहे. 'झिरा' म्हणजे झरा. १९७० मध्ये ते अभयारण्य झालं. १९९९ पर्यंत सगळाच भंडारा जिल्हा होता, मग गोंदिया वेगळा झाला आणि नागझिर्‍याचा बराचसा भाग तिकडे गेला; पण आमच्यासाठी ते अजूनही 'आपलं नागझिरा'. व्यंकटेश माडगूळकर इथे मुक्काम ठोकून राहिले आणि त्यांनी 'नागझिरा' लिहिलं. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली राहिले. नुसते राहिले नाहीत, तिथल्या ढिवरांकडून, गोंडांकडून, म्हातार्‍या शिकार्‍यांकडून पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावं गोळा करत राहिले. २०२५ च्या जून महिन्यात ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. आणि किरण पुरंदरे यांनी तर नागझिर्‍यात चारशे दिवस काढले आणि 'सखा नागझिरा' लिहिलं. पुण्याचा माणूस पुढे पिटेझरीला येऊन राहिला!

स्टर्नडेल-फोर्सिथ आणि ही मंडळी, दोघांचंही जंगलावर प्रेम होतं यात मला शंका नाही. फोर्सिथला साल आणि साग यांच्या सीमेबद्दल जे कळलं होतं ते आजही वाचण्यासारखं आहे. फरक मुक्कामाच्या पद्धतीत आहे. एकांच्या पुढे पेशखेमा आणि मागे रसद. दुसर्‍यांच्या हातात पाण्याची बाटली आणि वही, आणि चुलीवरचं जे मिळेल ते.

प्राण्यांचं म्हणाल तर वैनगंगा त्यांच्याही मुक्कामाची नदी आहे. जय नावाचा तो प्रचंड वाघ आठवतो? नागझिर्‍याचा. २०१३ मध्ये शेतं, रस्ते आणि वैनगंगा ओलांडून तो पश्चिमेला उमरेड-पवनी-कर्‍हांडला अभयारण्यात पोचला. २०१६ च्या एप्रिलनंतर त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याचा संदेश थांबला तो थांबलाच. सारसाची जोडी हवी असेल तर महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया-भंडार्‍याच्या भातखाचरांकडेच यावं लागतं, तीही मोजकी उरली आहेत. नदीही बदलली. खाली गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. आता पवनीच्या वर कितीतरी लांबपर्यंत नदी वाहत नाही, तुंबते. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून तिच्यात येतं. आंभोर्‍याला, जिथे मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिला अशी परंपरा आहे, तिथल्या संगमावर आता मोठा केबलचा पूल झालाय आणि लोक सेल्फी काढायला जातात. जावं, पण पाणीही बघावं.

तर शेवटी मी काय केलं? २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून डोक्यात होतं. गेल्या हिवाळ्यात एक कँपर गाडी भाड्याने घेतली आणि बायको, मुलगी यांना घेऊन थेट मामाच्या गावी गेलो. धान निघालं होतं. जुन्या आमराईची आता चार झाडं उरली आहेत, त्यांच्याखाली गाडी लावली. मामाला आधी ते अपमानास्पदच वाटलं. घर असताना भाचा बाहेर झोपतो म्हणजे काय! आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, तेव्हा ही नाराजी किती मोठी ते समजून घ्या. मग त्याने गाडीला एक फेरी मारली, आत डोकावला आणि म्हणाला, "म्हंजे हे दमणीच झाली का!"

आणि मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख दिसलं. दमणी! छप्पर घातलेली बैलगाडी. महाशिवरात्रीला आमच्याकडचे लोक गायमुखाच्या यात्रेला, पार पचमढीच्या मोठ्या महादेवाला दमण्या-छकडे जुंपून जायचे. गाडीत गवताची गादी, वर गोधडी, खाली टांगलेला कंदील, वाटेत नदी लागली की पडाव, गोवर्‍यांच्या आरावर रोडगे आणि वांग्याची भाजी. आजी अशी कितीदा गेली होती. हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी एचूकाला म्हणालो, आमच्याकडे हे नाही!

संध्याकाळी आम्हीही रोडगेच केले. सरपण कमी पडलं म्हणून मी शेजारच्या वाडीतल्या एका म्हातार्‍या काकांकडे मागितलं. त्यांनी पोरासोबत मोळी पाठवली, वर लोटाभर दूध. मोळी घेऊन येणार्‍या त्या पोराकडे बघून माझ्या पोटात, खरं सांगतो, गोळा उठला. आजीची गोष्ट समोरून चालत येत होती, फक्त या वेळी तंबूच्या दारात मी उभा होतो. मी घाईघाईने पैसे काढले, काकांकडे गेलो. ते हसले. "पैसे काहाचे बाप्पा? मामाच्या घरचे पाहुणे तुमी. आन उद्या मले सकाळी मोटारीत बसवून बजारात सोडा, माहे पाय दुखतात."

हुश्श! किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्यांनी दिलं, वर हक्काने काम सांगितलं. सकाळी त्यांना सोडलं. वाटेत त्यांनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी एक मोठी पार्टी गाड्या घेऊन आली होती, त्यांनी दूध मागितलं तेव्हा काकांनी साफ नाही म्हटलं. "बोलनंच बराबर नोतं त्यायचं." आजीच्या बापाला जी सोय नव्हती ती या काकांना होती, आणि त्यांनी ती वापरली होती.

जाता जाता मरे नदीबद्दलही सांगायला हवं, नाहीतर वाटेल की हा सगळा घोळ आपल्याकडेच. आम्ही जिथे कॅरॅव्हान लावली तो सगळा प्रदेश योर्ता योर्ता या तिथल्या मूळ लोकांचा. नदीपलीकडे कमरागुंजा नावाची वसाहत होती, तिथे सरकारी व्यवस्थापकाच्या हाताखाली त्यांना ठेवलं होतं. अपुरा शिधा, वाईट वागणूक. ४ फेब्रुवारी १९३९ ला दीडशेहून अधिक माणसं सामान उचलून वसाहतीबाहेर पडली, मरे नदी ओलांडून बार्मा गावाजवळ काठावर पालं ठोकून राहिली. सुट्टीसाठी नाही, निषेध म्हणून. हे मी परत आल्यावर वाचलं. बार्मा एचूकापासून फार लांब नाही. आमच्या त्या शेकोटीपाशी हे कोणी बोललं नाही. त्यांनाही कदाचित माहीत नसेल, जसं मला माझं माहीत नव्हतं.

त्या रात्री वैनगंगेकाठी कांगारू अर्थातच नव्हते. टिटवी ओरडत होती, लांब कोल्हेकुई झाली तेव्हा मुलगी येऊन बिलगली. पहाटे धुक्यात एक ढिवरदादा डोंगा घेऊन जाळं काढायला निघाले होते, आणि खंड्या वायरीवर बसला होता. मोबाइलला रेंज नव्हती, हे सुख वेगळंच. :)

परत आल्यावर मेलबर्नच्या त्या सहकार्‍याला मेल टाकला. लिहिलं की तुझ्या बायकोला सांग, उत्तर चुकलं होतं. आमच्याकडे करतात, फार पूर्वीपासून करतात, आणि कोण करतं, कोणाच्या जिवावर करतं, हे विचारायला मी विसरलो होतो. त्याचं उत्तर आलं, पुढच्या हिवाळ्यात आम्ही येतोय, जागा धर.

जागा धरली आहे. मामाला सांगितलंय. सरपणाचं काकांना आधी विचारायचं आहे.

असो. चहा संपला, बायकोची हाक आली. पुढच्या शनिवारी भेटू.